आधी तालिकेला मराठी शिकवा

वाचनालयाच्या दाराशी सूचना लागते. ‘येत्या १ तारखेपासून ग्रंथतालिका फक्त ऑनलाइन उपलब्ध राहील. सभासदांनी नवीन पद्धतीची सवय करून घ्यावी.’ खाली शिक्का आणि कार्यवाहांची सही. सवय कशी करून घ्यायची, अडलं तर कोणाला विचारायचं, कधी विचारायचं, यातलं एक अक्षर त्या कागदावर नसतं.

मला त्यातल्या दुसऱ्या वाक्यावर बोलायचं आहे. तालिका बदलली संस्थेने, मग जमवून घ्यायची जबाबदारी एकट्या सभासदावर का? तो वर्गणी भरतो, अनामत ठेवतो, वेळेत पुस्तक परत करतो. त्याच्या बाजूचा करार त्याने पाळला आहे. आता संस्थेने आपला पाळावा.

गैरसमज नको. ऑनलाइन तालिका यायलाच हवी होती, उशीरच झाला. पुस्तक आत आहे की कोणी नेलं आहे हे घरबसल्या कळतं. मुदत वाढवायला रिक्षा करून यावं लागत नाही. शीर्षकातला एखादाच शब्द आठवत असला तरी शोध लागू शकतो. कार्डाच्या खणात पहिला शब्द आठवला नाही तर सगळंच अडायचं. ज्याला दिसत नाही अशा वाचकाला स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या फोनच्या आधारे आयुष्यात पहिल्यांदा तालिका स्वतः चाळता येते. हे सगळं मोलाचं आहे. म्हणूनच ती धड चालली पाहिजे. आज अनेक ठिकाणी ती धड चालत नाही, आणि तरी दोष वाचकाच्या वयाला, त्याच्या जाड बोटांना, त्याच्या ‘टेक्नॉलॉजीच्या भीतीला’ दिला जातो.

आमच्या गावच्या वाचनालयात संगणक आल्यापासून शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो. कोणी अडलं तर मदत करायची, एवढंच काम. तिथे जे दिसतं ते सांगतो.

एक काकू आल्या. हातात पिशवी, पिशवीत परत करायची दोन पुस्तकं. त्यांना आचार्य अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ हवं होतं. मुलाने फोनवर देवनागरी कळफलक टाकून दिलेला. त्यांनी एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं. स्क्रीनवर आलं: शून्य नोंदी. काकूंनी पुन्हा लिहिलं. पुन्हा शून्य. ‘नसेल हो तुमच्याकडे,’ म्हणाल्या आणि पिशवी उचलली. देवघेवीच्या टेबलामागून मावशींनी मान वर केली. ‘अहो काकू, नसेल कसं? चरित्राच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर आहे की, सगळे खंड आहेत.’ आणि मावशी आत जाऊन पहिला खंड घेऊन आल्या.

मावशी त्या दिवशी रजेवर असत्या तर काकू रिकाम्या हाताने घरी गेल्या असत्या आणि वाचनालयात ‘कऱ्हेचे पाणी’ नाही असं चार जणींना सांगितलं असतं. पुस्तक फळीवर आहे, तालिका नाही म्हणते आहे. तालिकेची याहून मोठी चूक असू शकत नाही.

असं का झालं ते शोधलं. ‘कऱ्हे’मधला तो ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, मग हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. कागदावर, पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. नोंद करणाऱ्याने एक तऱ्हा वापरली, काकूंच्या फोनने दुसरी. शिवाय तिसरी तऱ्हा आहेच: ज्याला तो अर्धा र सापडत नाही तो सरळ रफार देऊन ‘कर्हेचे’ लिहून मोकळा होतो. या तिन्ही रूपांना एकच समजायला प्रणालीला शिकवता येतं. ते कोणी शिकवलं नव्हतं. काकूंनी मात्र अचूक लिहिलं होतं. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं, आणि तरी त्या खजील होऊन निघाल्या होत्या. मला राग येतो तो या गोष्टीचा.

आपल्या लिपीत अशा जागा डझनाने आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं. विसर्गाच्या जागी लोक अपूर्णविराम टाकतात, कारण तो सहज सापडतो. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ त्यामुळे हाती लागत नाही, आणि काही प्रणालींत तर अपूर्णविरामाला शोधाच्या भाषेत स्वतःचा वेगळाच अर्थ असतो, म्हणजे पुस्तक राहिलं बाजूला, भलतंच काहीतरी उघडतं. नोंदीत १८५७ देवनागरी आकड्यांत असतं आणि वाचक इंग्रजी आकड्यांत लिहितो. खांडेकरांच्या पुस्तकावर ‘ययाति’ असं ऱ्हस्व छापलेलं, शाळेत शिकलेल्या नियमाने वाचक ‘ययाती’ लिहितो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं ‘स्मृतीचित्रे’ करणारे तर निम्मे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या जुन्या प्रतीवर ‘लक्षांत’ असा अनुस्वार आहे, नव्या आवृत्तीवर नाही. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांनी असे हजारो अनुस्वार गेले, पण आपल्या जुन्या वाचनालयांच्या फळ्यांवर ते अजून नांदत आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. जिथे एवढी जुनी पुस्तकं असतात तिथल्या तालिकेला दोन्ही काळांचं लेखन कळायला हवं. वाचकाने १९६२ पूर्वीचं शुद्धलेखन पाठ करून यावं ही अपेक्षा कोणी करू नये.

मग जुन्या फॉन्टचं प्रकरण. अनेक वाचनालयांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने पुस्तकांच्या याद्या संगणकावर टाइप करून घेतल्या. तेव्हा श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट होते. त्यांत पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवली जायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तीच यादी युनिकोडमध्ये न तपासता ओतली की काय होतं? ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराला सोडून भलत्या जागी जाऊन बसते. ‘किनारा’ची वेलांटी ‘क’च्या आधी सुटी लटकते. जोडाक्षरं फुटतात. अशी नोंद शोधात कधीच येत नाही. ती तालिकेत आहे, मोजणीत आहे, अहवालात ‘एवढ्या ग्रंथांचे संगणकीकरण पूर्ण’ या आकड्यात आहे. वाचकापुरती ती नाही.

ही कामं बहुतेक ठिकाणी नोंदीमागे ठरावीक रुपये देऊन बाहेरच्या माणसाकडून करून घेतात. जितक्या नोंदी जास्त तितके पैसे जास्त. त्यामुळे वेग वाढतो, काळजी घटते. आमच्याकडे ज्या मुलाने नोंदी भरल्या तो भला होता, दिवसभर मान मोडून बसायचा. पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच.

नावांचा हा गोंधळ सगळ्यात जाचक आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. मराठी लेखकांइतकी टोपणनावं कोणी घेतली असतील असं मला वाटत नाही. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ शिरवाडकरांचं. ‘वाग्वैजयंती’ गोविंदाग्रजांची आणि ‘एकच प्याला’ राम गणेश गडकऱ्यांचं. ‘नक्षत्रांचे देणे’ आरती प्रभूंचं आणि ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. जुन्या तालिकेत यासाठी साधी सोय होती. ‘गोविंदाग्रज’ असं कार्ड काढलं की त्यावर लिहिलेलं असायचं: पाहा, गडकरी, राम गणेश. कार्डावर ना पुस्तकाचं नाव ना दाखल क्रमांक; फक्त योग्य दार दाखवणारं ते कार्ड. एखाद्या ग्रंथपालाने वर्षानुवर्षं वाचकांचे प्रश्न ऐकून ती लिहिलेली असायची. ऑनलाइनच्या घाईत पहिली गळाली ती हीच कार्डं, कारण त्यांच्यामागे पुस्तक नव्हतं, म्हणजे ती मोजणीत धरायची नव्हती.

आणि आद्याक्षरं! ‘पु. ल. देशपांडे’, ‘पु.ल.देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’, ‘देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण’, ‘पुल’. एकाच वाचनालयात पाचही रूपं मी पाहिली आहेत. टिंबानंतर जागा सोडली की नाही यावर पुलंची किती पुस्तकं दिसणार हे ठरावं? कोहा नावाची जी प्रणाली आज गावोगावी बसवली जाते ती फुकट मिळते, न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत कामाला लागली. तिच्यात लेखकाचं एक प्रमाण नाव आणि त्याची सगळी पर्यायी नावं एकत्र बांधून ठेवायची सोय आहे. देवनागरीच्या शोधासाठी मांडणी बदलायची सोय आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय प्रणाली आपल्याकडच्या ग्रंथालयांसाठीच बनवलेली आहे. साधनं हाताशी आहेत. ती नीट बसवायला वेळ आणि मराठी साहित्य जाणणारा माणूस लागतो. वाचनालयं सॉफ्टवेअर आणतात आणि या माणसाचे पैसे वाचवतात.

रोमनचा त्रास निराळाच. कोणी ‘मृत्युंजय’ इंग्रजी अक्षरांत भरून ठेवलेलं असतं. त्याची किती स्पेलिंग होतात ते स्वतः लिहून पाहा: ‘मृ’साठी एक जण ‘आर’पुढे ‘यू’ घेतो, दुसरा ‘आय’, शेवटी ‘ए’ लावणारे वेगळे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२पासून कार्यालय आहे, मराठी पुस्तकंही तिकडे जातात आणि त्यांच्या काटेकोर नोंदी होतात, पण त्या नोंदींतल्या रोमन अक्षरांना खाली टिंबं, वर रेघा. अभ्यासकाला त्या उपयोगी, सातारच्या वाचकाला अजिबात नाहीत. मार्क २१ या जगभर चालणाऱ्या नोंदपद्धतीत ८८० क्रमांकाचा रकाना आहे, तो नेमका यासाठी: एकच शीर्षक दोन लिप्यांत ठेवा, कोणीही कसंही शोधो. आमच्या वाचनालयात त्या रकान्यात एकही अक्षर नव्हतं.

आता विषयाचं बोलू. संध्याकाळी अभ्यासिकेत बसलेली स्पर्धा परीक्षांची मुलं, प्रकल्प करणारे विद्यार्थी, शेतीतली अडचण घेऊन येणारे लोक, यांना लेखकाचं नाव ठाऊक नसतं. त्यांच्याकडे असतो विषय. एक मुलगा आला, त्याला विहीर पुनर्भरणावर काही हवं होतं. घरची विहीर मार्चमध्येच तळ गाठते, म्हणाला. तालिकेत ‘विहीर’ टाकलं तर एक कथासंग्रह आला. ‘पाणी’ टाकलं तर कादंबऱ्या, कविता आणि ‘कऱ्हेचे पाणी’चा एक खंड. ज्या पुस्तकात त्याला हवी ती सगळी माहिती आकृत्यांसह होती, त्याच्या शीर्षकात ना विहीर होती ना पाणी. भूजल असा शब्द होता. नोंदीतला विषयाचा रकाना कोरा होता. तो भरलेला असता, त्यात ‘विहिरी’, ‘पुनर्भरण’, ‘पाणलोट’ एवढे तीन शब्द असते, तर त्याला कोणाचीही मदत लागली नसती. आम्ही दोघं फळ्यांवरून हात फिरवत गेलो तेव्हा ते मिळालं.

फळी आणि खण यांचा हा फायदा मान्य करायला हवा. मेल्विल ड्युईने १८७६ साली दशांशाची वर्गीकरणपद्धत छापली. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ला येतं, पुढचा आकडा कविता, नाटक, कादंबरी वेगळी करतो. त्यामुळे हव्या त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या हाताला त्याचे सोयरे उभे असतात आणि अर्ध्या वाचकांना आयुष्यातलं आवडतं पुस्तक असं शेजारी सापडलेलं असतं. ऑनलाइन तालिका मागितलं तेवढंच देते. तिच्यात ‘याच्या शेजारची पुस्तकं दाखवा’ असं बटण असतं, बऱ्याच ठिकाणी ते बंद ठेवलेलं असतं. चालू करा. त्याला पैसा पडत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं प्रत्येक ग्रंथपाल परीक्षेसाठी पाठ करतो. १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतो. १९३१मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या त्या सूत्रांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ज्या तालिकेमुळे वाचकाला तीनदा शब्द बदलून लिहावा लागतो, मग माणसाला विचारावं लागतं, मग स्वतः फळी धुंडाळावी लागते, ती या सूत्राच्या विरुद्ध चालते आहे. आणि रंगनाथन तर स्वतः ग्रंथालयशास्त्रासाठी आयुष्य घालवलेले. आपल्याकडे शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ग्रंथालयं पालथी घालून, हाताने. संगणक नव्हता. एका माणसाने ते उभं केलं तर एका राज्याला का जमू नये?

कारण हे काम मुळात राज्याचं आहे, गावच्या वाचनालयाचं एकट्याचं नाही. १९६७च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. वाचनालय चालवते स्थानिक संस्था. अशी हजारो वाचनालयं आणि बहुतेकांकडे ‘श्यामची आई’ आहे. म्हणजे त्या एका पुस्तकाची नोंद हजारो ठिकाणी, हजारो हातांनी, हजारो चुकांसह नव्याने टाइप होणार. हे वेडेपण थांबवा. मराठी पुस्तकांच्या शुद्ध नोंदी एकदाच करा: शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, लेखकाची सगळी नावं, जुनं-नवं लेखन, विषयाचे चार शब्द. त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवा. एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याने संगणकावरून जशीच्या तशी उचलून घ्यायची पद्धत जगात कित्येक दशकं रुळलेली आहे. ग्रंथालय संचालनालयाने, विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी आणि मराठी विभागांनी मिळून हे हाती घ्यावं. एम.ए.च्या मुलांना याहून चांगला प्रकल्प कोणता द्याल? ड वर्गाच्या वाचनालयातला कर्मचारी ज्या तुटपुंज्या मानधनावर राबतो आणि त्यासाठी ज्याला वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागतात, त्याच्याकडून आरती प्रभू आणि खानोलकर जुळवून घेण्याची अपेक्षा करायची असेल तर आधी त्याला नीट पगार द्या.

तोवर गावपातळीवर हात बांधून बसायचं कारण नाही. आमच्याकडे एक गोष्ट सुरू झाली आहे आणि तिचा उपयोग होतो आहे. संगणकाच्या शेजारी दोरीला पेन बांधून एक साधी वही ठेवली आहे. शोधून मिळालं नाही की वाचकाने काय लिहून शोधलं ते तसंच्या तसं वहीत लिहायचं. मिळालं नाही याचं कारण वाचकाने सांगायचं नाही, ते शोधणं आमचं काम. रोज संध्याकाळी मावशी आणि ग्रंथपाल वही घेऊन बसतात. पुस्तक फळीवर आहे का पाहतात. असेल तर नोंद सुधारतात, वाचकाने लिहिलेलं रूपही तिच्यात घालतात. नसेल तर खरेदीच्या यादीत टाकतात. वाचकांना नक्की काय हवं आहे ते या वहीतून जितकं कळतं तितकं कुठल्याही सर्वेक्षणातून कळणार नाही. पहिल्याच पानावर ‘रारंगढांग’ चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं आहे.

आणि माणूस बसवा. वर्षातून एकदा सभागृहात दिवा लावून, पाहुणे बोलावून, पडद्यावर इंग्रजी चित्रं दाखवून केलेलं ‘प्रशिक्षण शिबिर’ कोणाच्या कामाचं नाही. त्यात तासभर भाषणं होतात, कोणीही हात लावून पाहत नाही. शेजारी बसून, वाचकाच्या स्वतःच्या फोनवर, त्याला आज हवं असलेलं पुस्तक त्याच्याच बोटाने शोधू द्या. दहा मिनिटं लागतात. माणूस पुढच्या वेळी एकटा येतो आणि तिसऱ्या वेळी दुसऱ्याला शिकवतो. फोन मात्र त्याच्या हातातून काढून घेऊ नका. ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणणारा मदतनीस उपयोगाचा नाही. त्याने पुस्तक सापडतं, पण वाचक होता तिथेच राहतो.

टाइप करणं ज्यांना जड जातं त्यांना बोलायला सांगा. कळफलकावरच्या माइकला हात लावून, भाषा मराठी ठेवून, पुस्तकाचं नाव स्पष्ट उच्चारलं की ते बहुधा शुद्ध रूपात उमटतं. जीबोर्ड या कळफलकात बोटाने अक्षर गिरवायची सोय आहे. आमच्याकडचे एक निवृत्त मास्तर ती कळल्यापासून फोनवर मोत्यासारखं लिहितात आणि रोज एक तरी पुस्तक राखून ठेवतात. पूर्ण नाव लिहू नका, लेखकाच्या आडनावासोबत शीर्षकातला ठसठशीत असा एकच शब्द लिहा, जोडाक्षर नसलेला असेल तर उत्तम, हे मी प्रत्येकाला सांगतो. ‘कऱ्हेचे पाणी’ हवं तर ‘पाणी’ आणि ‘अत्रे’ लिहा. या तीन-चार युक्त्या आमच्याच पुस्तकांची उदाहरणं घेऊन, मोठ्या टाइपात, एका पानावर छापून देवघेवीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पण त्या तात्पुरत्या आहेत. नोंदी सुधारल्या की त्यांतल्या निम्म्यांची गरज संपायला हवी.

पडद्यावरची बटणं मराठीत करा. ‘प्लेस होल्ड’ या बटणाला हात लावायला माणसं घाबरतात, पैसे कापले जातील की काय म्हणून. तिथे ‘माझ्यासाठी राखून ठेवा’ असं लिहिल्यापासून ते दाबलं जातं. ‘चेक्ड आउट’च्या जागी ‘वाचकाकडे आहे, अमुक तारखेला परत येईल’. पासवर्डची कटकट तर वेगळीच. कित्येक ज्येष्ठ सभासदांच्या अर्जावर मोबाइल क्रमांक मुलाचा किंवा सुनेचा आहे. संदेश पुण्याला किंवा बंगळुरूला जातो, इथे आजोबा पडद्यासमोर बसून राहतात. तालिका पाहायला लॉगिन मागूच नका. पुस्तक आहे की नाही हे विचारायला ओळखपत्र कशाला? मुदतवाढीसाठी आणि राखून ठेवण्यासाठी लॉगिन लागेल, तेवढ्यापुरतं ते टेबलावर करून द्या आणि तेव्हाच नंबर दुरुस्त करून घ्या.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांचे डोळे गेले आहेत, ज्यांना यायला जमत नाही, त्यांच्यासाठी वाचनालयाचा साधा फोन आहे. दिवसातला एक तास त्यासाठी जाहीर करा. त्यांनी नाव सांगायचं, आतल्या माणसाने तालिका पाहून उत्तर द्यायचं. ऑनलाइनची किल्ली वाचनालयाच्या हातात असली तरी चालते, दार उघडलं म्हणजे झालं.

आता कार्डांच्या कपाटाबद्दल, कारण आमच्याकडे भांडण तिथेच अडलं आहे. कार्यकारिणीचं म्हणणं, ते जागा अडवतं आणि नवी तालिका आली की जुनी कशाला. ते कपाट रद्दीत काढायचा विचार आहे. मी विरोध करतो आहे, आणि त्यात जुन्या वस्तूंबद्दलच्या मायेचा संबंध नाही. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या त्या कार्डांवर टोपणनावं आहेत, विषयाचे संदर्भ आहेत, दोन पुस्तकं एकत्र बांधलेल्या ग्रंथातल्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव आहे, देणगीत आलेल्या संग्रहाची खूण आहे. यातलं बरंचसं ऑनलाइन नोंदींत आलेलंच नाही. परदेशात हेच झालं होतं. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी घाईने कार्डं फेकली तेव्हा निकल्सन बेकर या लेखकाने १९९४ साली न्यूयॉर्करमध्ये सविस्तर लेख लिहून त्या कार्डांबरोबर काय काय नाहीसं होतं आहे ते दाखवलं होतं. ओसीएलसी या संस्थेने शेवटची कार्डं २०१५मध्ये छापली, म्हणजे जगानेही हा बदल एका १ तारखेला उरकलेला नाही.

माझी मागणी साधी आहे. दाखल नोंदवही, कार्ड आणि ऑनलाइन नोंद या तिन्ही एकमेकींशी ताडून झाल्याशिवाय एकही खण रिकामा करायचा नाही. ताडून झालेल्या खणावर तारीख आणि सही. ज्या खणाचं काम झालं नाही तो वाचकांना उघडा राहील. वार्षिक सभेत हा ठराव मी मांडतो आहे, अनुमोदन द्यायला दोन सभासद तयार आहेत आणि सभेपूर्वी द्यायची लेखी सूचना मी सोमवारीच कार्यालयात देऊन पोच घेतली आहे.